जावक क्रमांक एक

आमच्या सोसायटीच्या सभासद-यादीत माझ्या भावाच्या नावापुढे ‘अभियंता (शासकीय)’ असं लिहिलेलं आहे आणि माझ्या नावापुढे ‘खाजगी’. खाजगी काय, ते लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई काय करते ते विचारू नका, तिची ती खाजगी बाब आहे. यादी माझ्या वडिलांनी तयार केली आहे. ते एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर वापरायला कचेरी उरली नाही म्हणून सोसायटी वापरतात.

मी मॅन्युअल ऑस्टिओपॅथी करते. म्हणजे गोळी नाही, सुई नाही, मशीन नाही; सांधे आणि स्नायू हातांनी तपासायचे आणि हातांनीच मोकळे करायचे. बिबवेवाडीत पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात माझं क्लिनिक आहे. गिरणी सुरू झाली की माझं टेबल बारीक थरथरतं. काही पेशंटांना तो उपचाराचाच भाग वाटतो, आणि एक जण तर गिरणी बंद असेल त्या दिवशी येतच नाही.

याआधी मी विमा कंपनीत नोकरीला होते. तिथे माझी मान धरली, ती ज्यांनी सोडवली त्यांच्याकडेच मी शिकायला लागले. चार वर्षं शनिवार-रविवार घातले. पहिल्या दिवशी घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवून एकच प्रश्न विचारला.

“शासनमान्य आहे का?”

“नाही अजून.”

“मग शिकतेस काय?” असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र परत वर घेतलं.

त्यांना हसणं सोपं आहे आणि मी पुष्कळ हसलेय. पण आमच्या घरात कागदाला किंमत आहे ती उगाच नाही. आजोबांना गावात कोणी कागद हातात धरू दिला नव्हता. त्यांनी धम्मदीक्षा घेतली, गाव सोडलं, मुलाला शाळेत घातलं. त्या मुलाने पुढे आयुष्यभर कागदच हातात धरला. ज्या कागदावर शिक्का आहे, त्याला कोणी उठवून बाहेर बसवू शकत नाही, एवढं साधं त्यांचं तत्त्वज्ञान. आणि मुलीने निवडलं काय, तर असं काम की ज्यावर मारायला शिक्काच तयार झालेला नाही.

त्यांची दुसरी एक गोष्ट सांगून ठेवते. नोकरीत असताना नातेवाइकाची शिफारस आणणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत. “नात्यातल्या माणसाचं पत्र म्हणजे पत्रच नव्हे,” असं म्हणत. माझ्या सख्ख्या मामाचा अर्ज त्यांनी असाच परत केला होता, आणि आई त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हती.

तर, मान्यतेचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते पप्पांमुळे नव्हे, नारायण पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंमुळे. बाई कंबरेसाठी यायच्या आणि टेबलावर पालथ्या पडून तास घ्यायच्या.

“आपण डॉक्टर का?”

“नाही.”

“मग मालीश करता?”

“नाही.”

“व्यायाम शिकवता?”

“तेही नाही, म्हणजे थोडं...”

“अहो, नाही-नाही म्हणत माणूस किती पुढे जाणार? एकदा काय ते आहे म्हणून सांगा.”

माझा स्वभाव तापट आहे. पण आजोबांना ज्या ओट्यांवर टेकता येत नसे, तसल्याच ओट्याच्या घरातली बाई माझ्या हाताखाली निवांत पालथी पडून माझी उलटतपासणी घेतेय, हे मनात आलं की राग निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा मी त्यांच्या खांद्यात दाबला. बाई म्हणाल्या, “हं, आता बरं लागतंय.”

त्या आठवड्यातच मी पुण्यातल्या आमच्यासारख्यांना फोन केले. आम्ही सहा जण जमलो. एक पूर्वी जिममध्ये ट्रेनर होता, एकीने आयटी सोडलेली, एक गृहस्थ लष्करातून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालेले, एक नवरा-बायको, आणि मी. ठरलं की संस्था काढायची, आपले आपणच नियम करायचे, आणि ते नियम पाळून दाखवायचे. मग उद्या सरकारने विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल. सरकारने विचारलं नव्हतं आणि विचारेल असं कुठलंही चिन्ह नव्हतं, पण आमचा उत्साह दांडगा होता. तीन रविवार नाव ठरवण्यात गेले. नंतर नारायण पेठेतल्या एका छापखान्यातून संस्थेचे लेटरहेडही छापून आणले, आणि मग लक्षात आलं की नियम कसे लिहितात ते एकालाही ठाऊक नाही.

नाइलाजाने मी मसुदा पप्पांना दाखवला. दोन दिवसांनी तो लाल शाईने भरून परत आला.

“यात एकही ‘सबब’ नाही,” ते म्हणाले. “ही नियमावली आहे की लग्नपत्रिका?”

पुढच्या रविवारी ते स्वतःच क्लिनिकमध्ये येऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. माझं कामच मुळात मान्य नसलेला हा माणूस त्या कामाच्या नियमावलीत मात्र असा रंगला, की सात महिन्यांत त्याने एक रविवार चुकवला नाही. आमच्या दोन पानांची एक्केचाळीस कलमं झाली. त्यातली आठ कलमं फक्त फाइल कशी ठेवावी याची होती. आवक-जावक नोंदवही त्यांनी स्वतः आखली: आलेल्या पत्रांसाठी आवक, पाठवलेल्यांसाठी जावक. पत्र एकही आलं-गेलं नव्हतं. लेटरहेडवर तर बंदीच होती, कारण वरच्या बोधचिन्हातला पाठीचा कणा त्यांना गांडुळासारखा दिसत होता आणि चिन्ह मंजूर होईपर्यंत कागद वापरायचा नव्हता. पाचशे कोरे गांडूळ कपाटात पडून होते.

त्या सात महिन्यांत ते एकदाच गंभीर झाले. कलम चौदा माझं होतं: धोक्याची लक्षणं दिसली तर रुग्णाला हात लावू नये, लेखी पत्र देऊन डॉक्टरांकडे पाठवावं. आमच्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. पप्पांनी ते वाचलं, पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला लागले.

“अर्थ बरोबर आहे,” ते म्हणाले. “शब्द बदल. ‘हात लावू नये’ असं आपल्या नियमात नको. असले नियम पुष्कळ होऊन गेले.”

मी ‘उपचार थांबवावेत’ असं केलं.

याच सुमाराला पप्पांची कंबर दुखायला लागली. घरात स्वतःची मुलगी हेच काम करणारी. तर साहेब कुठे जायला लागले? खडकवासल्याच्या पुढे एका गावात एक हाडवैद्य होता, त्याच्याकडे. मला सांगायचे, “धरणावर फिरायला जातो.” पहिल्या एक-दोनदा परत आले ते तेलाच्या वासाने घमघमत. धरणाच्या पाण्यात एवढं तेल असेल असं मला वाटत नव्हतं. शेवटी मी विचारलंच.

“तो कुठे शासनमान्य आहे?”

“तो तसं म्हणतही नाही,” पप्पा म्हणाले. “संस्था काढत नाही, लेटरहेड छापत नाही. त्याचं बरंय.”

मी भांडी आपटली. त्या हाडवैद्याला मी पुढचे दोन महिने मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते कुठल्याही आचारसंहितेत बसणार नाही.

मग परीक्षेचा विषय निघाला. कलम सतरा चालू होतं: तपासणीत आढळलेले दोष नोंदवावेत. पप्पांनी सहज विचारलं, “एकाच माणसाला तुम्ही सहा जणांनी तपासलं, तर सहाही नोंदी सारख्या येतील का?”

“यायला पाहिजेत, सर,” लष्करवाले म्हणाले.

“येतात का?”

आमच्यात एकदम सगळ्यांना तहान लागली.

पप्पांनी अख्ख्या नोकरीत खात्याच्या परीक्षा घेतलेल्या. पुढच्या रविवारी ते तयारीनिशी आले. प्रश्नपत्रिका एका ओळीची: परीक्षकाचा कोणता पाय आखूड आहे? हा प्रश्न त्यांनी मुद्दाम काढला होता. कारण पेशंट आला की आमच्यातला प्रत्येक जण हमखास एक वाक्य टाकतो, “तुमचा एक पाय किंचित आखूड आहे हं.” पेशंट घाबरतो आणि आम्ही मोठे होतो. रविवारीही अधूनमधून पेशंट येत, आणि पप्पा सात महिने कोपऱ्यात बसून हे ऐकत होते.

बनियन आणि पायजमा अशा वेशात ते टेबलावर उताणे झाले. एकेकाने पडद्याआड जायचं, पाच मिनिटं तपासायचं, चिठ्ठीवर उत्तर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. आपसात बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. नवरा-बायकोला त्यांनी एकमेकांपासून दूर बसवलं.

माझा नंबर शेवटचा. मी त्यांची पावलं हातात घेतली. इतकी वर्षं हे काम करतेय, शेकडो लोकांची पावलं धरली असतील, पण पप्पांची अशी पहिल्यांदाच. त्यांनी कधी धरूच दिली नव्हती. टाचा जुळवल्या. लांबीचा अंदाज येईना. सवयीने म्हटलं, “दोन्ही अंगठे वर करा.” उजवा आला. डावा आला नाही. म्हटलं, पाऊल वर ओढा, मी दाबून धरते. उजव्या पायाने मला ढकललं. डावा माझ्या दोन बोटांखाली नुसता पडून राहिला.

टेबलाखाली त्यांच्या चपला होत्या. डाव्या चपलेचं पुढचं टोक घासून पार पातळ झालेलं. आणि मला आठवलं, गेले काही दिवस जिन्यात त्यांची एकच चप्पल वाजत होती. मी रोज ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस कसा पाय ओढत चालतो. जगाच्या पाठी तपासणारी मी.

“पप्पा, हे कधीपासून?”

“परीक्षार्थीने प्रश्न विचारायचे नसतात.”

“पाय बधिर वाटतो का?”

“वेळ संपत आली.”

मी चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली.

सदरा चढवून, खुर्चीवर बसून त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. दोघांच्या मते उजवा पाय आखूड. दोघांच्या मते डावा. जिमवाल्याची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

“दोन्ही आखूड,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “कशापेक्षा?”

“म्हणजे काका, जेवढे असायला पाहिजेत ना, त्याच्यापेक्षा,” जिमवाला म्हणाला.

आयटीवाली हसू दाबता दाबता ठसकली. नवरा-बायकोचं उत्तर एकमेकांच्या उलट आलं होतं, त्यांचं हळू आवाजात वेगळंच सुरू झालं. त्या गोंधळात पप्पांनी माझी चिठ्ठी उघडली. मी लिहिलं होतं: ‘आखूड पायाबद्दल खात्री नाही. डावं पाऊल आणि अंगठा वर उचलत नाही. कलम चौदाप्रमाणे उपचार थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे.’

त्यांनी ती वाचली, चष्मा वर-खाली केला आणि लाल पेनाने कोपऱ्यात काहीतरी काढलं.

“शून्य,” ते म्हणाले. “उत्तर विषयाला सोडून आहे. आधी प्रश्न नीट वाचावा.”

माझा तोल गेला. पाच सहकाऱ्यांसमोर, गिरणीच्या वरताण आवाजात मी ओरडले, “तुमचा पाय चालत नाहीये, पप्पा! शीर दबलीय! उद्या पाय कायमचा गेला तर शून्य घेऊन बसा मांडीवर!”

“पाय चालतो. मी चालत आलो इथे.” आवाज शांत होता, पण बोट त्या चिठ्ठीवर फिरत होतं. “आणि डॉक्टरकडे काय घेऊन जायचं? ही चिठ्ठी? हिच्यावर संस्थेचं नाव नाही, जावक क्रमांक नाही. वाण्याची यादीसुद्धा याच्यापेक्षा नीट असते.”

मी कपाट उघडलं, गांडुळांच्या गठ्ठ्यातलं पहिलं लेटरहेड ओढलं आणि त्यांच्यासमोर पत्र लिहायला बसले. चिन्ह मंजूर आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. काय आढळलं, काय आढळलं नाही, कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, सगळं त्यांच्याच कलमांच्या क्रमाने लिहिलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी ‘सबब’ घातलं, नोंदवही उघडून स्वतःच्या वळणदार अक्षरात नोंद केली: जावक क्रमांक १. मग शेजारून झेरॉक्स काढून आणायला लावली, फाइलसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मणक्याच्या एका सर्जनकडे गेलो. खिडकीत भरायचा फॉर्म पप्पांनी माझ्या हातातून काढून घेतला. “सरकारी माणूस स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो,” म्हणाले, आणि कोपऱ्यात पाठ करून भरत बसले. मी बाकावर होते. मला दोन भीती होत्या. एक पायाची. दुसरी ही, की डॉक्टर ते पत्र न वाचता बाजूला टाकतील आणि पप्पा ते बघतील. दुसरी भीती पहिलीपेक्षा थोडी मोठी होती, हे लिहायला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी पत्र हातात घेतलं. वरचं चिन्ह बघून भुवई उडाली, पण त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. पप्पांचं पाऊल तपासलं आणि एमआरआय लिहून दिला.

“याआधी कोणाला दाखवलं होतं?”

पप्पा घुटमळले. “खडकवासल्याकडे एक हाडवैद्य आहेत.”

“झालं!” मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी गप्प बसले.

“त्यांनी काय केलं?”

“पहिल्या एक-दोनदा तेल लावलं. मग म्हणाले, ‘सायेब, ही शीर दबल्याली हाय, माझ्या हातचं काम न्हाय ह्ये. दवाखान्यात जावा.’ दोनदा म्हणाले. नंतर गेलो की नुसता चहा पाजून परत पाठवायचे.”

“मग आला का नाहीत तुम्ही?”

“तोंडी होतं ते,” पप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पत्र पुन्हा एकदा उचलून बघितलं. मी आतल्या आत त्या हाडवैद्याचे पाय धरत होते. आम्ही सहा शहाणे सात महिने कलम चौदा लिहीत होतो, आणि धरणापलीकडे तो माणूस ते न वाचता पाळत होता.

“पत्र चांगलं आहे,” निघताना डॉक्टर मला म्हणाले. “काय माहीत नाही तेही लिहिलंय. असं कोणी लिहीत नाही. पाठवत जा.” मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. अंगठा पूर्वीइतका ताठ उठत नाही, पण उठतो. जिन्यात आता दोन्ही चपला सारख्या वाजतात. पुढच्या बैठकीत दोन ठराव झाले. एक, पाय आखूड असल्याचं कोणीही, कोणालाही सांगायचं नाही. दोन, त्या हाडवैद्यांना रीतसर बोलवायचं. “कोणत्या पात्रतेवर?” असं आयटीवालीने विचारलं, तर पप्पा म्हणाले, “कलम चौदा.” ते आले, चहा प्यायले, आमची एक्केचाळीस कलमं ऐकून म्हणाले, “लई हाय की वो.” सरकारने अजून विचारलेलं नाही.

सर्जनचं उत्तर टपालाने आलं, ते पप्पांनी आवक क्रमांक १ म्हणून नोंदवलं. फाइलला ते लावताना माझ्या हाती त्या दिवशीच्या हॉस्पिटलच्या फॉर्मची झेरॉक्स लागली. अर्थातच त्यांनी ती काढून ठेवली होती. ‘कोणी पाठवले’ या रकान्यात माझं पूर्ण नाव. ‘पाठवणाऱ्याचा व्यवसाय’ या रकान्यात, सोसायटीच्या यादीत ज्यांना कधी सापडला नाही तो, सगळाच्या सगळा: मॅन्युअल ऑस्टिओपॅथी प्रॅक्टिशनर. आणि त्याखाली, ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात: लागू नाही.

मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. “हे काय?”

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “बरोबर आहे ते. नात्यातल्या कोणी पाठवलं असतं, तर मी गेलो नसतो.”

मी बराच वेळ पंचिंग मशीन शोधत बसले. ते समोरच होतं.

“मग त्या शून्याचं काय?” शेवटी मी विचारलं.

“ते राहील,” पप्पा म्हणाले. “प्रश्न पायाच्या लांबीचा होता.”